विकताना मराठी, सोडताना इंग्रजी: ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
कृषी भवन, नवी दिल्ली.

विषय: एक रुपयाच्या 'ट्रायल'पायी बंद केल्यावरही खात्यातून कट झालेले ९९८ रुपये.

महोदय,

सविनय नमस्कार. मी सांगलीत राहते, घरी शिलाईकाम करते. मंत्र्यांना पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, तेव्हा लिहिण्यात काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

१२ मे रोजी दुपारी मी सासऱ्यांच्या डोळ्यांत घालायचे थेंब आणायला मेडिकलमध्ये गेले होते. त्यांना काचबिंदू आहे. रोज रात्री एकेक थेंब घालावाच लागतो, एक दिवसही चुकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. बिल झालं ५२० रुपये. खात्यात ६१२ होते, सकाळीच बघितले होते. कोड स्कॅन केला, पिन टाकला, मोबाइलवर लाल खूण आली. शिल्लक अपुरी. मागे चार माणसं उभी होती. दुकानदार म्हणाले, "ताई, नेटवर्क असेल, परत करून बघा." परत केलं, परत लाल. मग मेसेज उघडले तेव्हा दिसलं, सकाळी बघितल्यानंतर एका व्हिडिओ ॲपने ४९९ रुपये कट केले होते. खात्यात उरले होते ११३.

ते ॲप मी जानेवारीत बंद केलं होतं.

दुकानदारांनी थेंब हातात ठेवले, "उद्या द्या" म्हणाले. माणूस चांगला आहे. पण वीस वर्षांत त्या दुकानात माझ्या नावावर एक रुपया उधारी नव्हती. त्या दिवशी त्यांनी वही काढली आणि नाव लिहिलं. ते मला दिसलं. घरी येऊन मी मशीनवर बसले, तर सुईत दोरा ओवता येईना, इतके हात थरथरत होते.

आता हे ॲप घेतलं कशाला, ते सांगते. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. वय ८३. साखर कारखान्यात नोकरी झाली, पण जीव नाटकात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं मराठी नाटक आमच्या सांगलीत केलं, हे आमच्या घरात लहान पोरालाही पाठ आहे, कारण आबा वर्षातून दहादा ते सांगतात. भावे नाट्यमंदिरात लागलेलं चांगलं नाटक त्यांनी कधी चुकवलं नाही, पहिली पाळी करून सायकलवर जायचे. आता गुडघे गेले, एका कानाने ऐकू येत नाही, रिक्षात चढवायला दोन माणसं लागतात. दिवसभर खिडकीशी बसून असतात.

गेल्या ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाच्याच दिवशी, मोबाइलवर जाहिरात आली. शुद्ध मराठीत, मोठ्या अक्षरांत: शंभरावर मराठी नाटकं, सात दिवस फक्त १ रुपयात. मी आबांना दाखवली. त्यांचा चेहरा असा खुलला की मी तिथल्या तिथे पिन टाकला. पिन टाकायच्या वेळी वर बारीक इंग्रजीत '४९९ पर्यंत' असं काहीतरी होतं, हे मी लपवत नाही. मला वाटलं सात दिवस बघू, आवडलं तर घेऊ, नाहीतर सोडू. आठव्या दिवशी, १२ नोव्हेंबरला, तीन महिन्यांचे ४९९ गेले.

त्या पहिल्या ४९९ बद्दल माझी तक्रार नाही. मी घरातल्या प्रत्येक पैशाचा हिशेब वहीत लिहिते. त्या तीन महिन्यांत आबांनी नऊ नाटकं बघितली. एक नाटक पडलं पंचावन्न रुपयांना. नाट्यमंदिरात जायचं तर तिकीट तीनशे, वर जाता-येता रिक्षा. म्हणजे पैसे वसूल झाले. नवव्या नाटकाला तर आबा पात्रांच्या आधी वाक्यं म्हणत होते आणि मी ओव्हरलॉकचं मशीन बंद करून ऐकत बसले होते.

पण दहावं नाटक नव्हतंच. शंभर म्हटलेल्यांत पूर्ण नाटकं मी मोजली तर सतरा. त्यातली आठ आबांना बघायची नव्हती. बाकी सगळे प्रवेशांचे तुकडे आणि मुलाखती. ऐकायला कमी येणाऱ्या माणसासाठी खाली संवादांची ओळ हवी, तीही कशालाच नाही. तेव्हा जानेवारीत मी आणि आबा बोललो. ४९९ म्हणजे अस्तराचे दोन ब्लाउज, कटिंगपासून हूक-काजांपर्यंत माझा दीड दिवस. दीड दिवसाच्या मोबदल्यात आता घरात काय येणार? काही नाही. मग बंद करू. हे ठरवायला आम्हाला पाच मिनिटं लागली, साहेब. कुठली वर्गणी परवडते, कुठली नाही, हे गरिबाला फार चांगलं कळतं. ते शिकवायला कुणी यायची गरज नाही. आम्ही ठरवलेलं फक्त चालू द्या, एवढंच मागणं आहे.

२८ जानेवारीला मी ते बंद करायला बसले. जेवणं उरकल्यावर बसले ती साडेअकरापर्यंत. 'बंद करा' हे बटण मुख्य पानावर नाही. प्रोफाइल, मग सेटिंग, मग खातं, मग प्लॅन, मग सगळ्यात खाली करड्या रंगातली एक ओळ. आणि इथून पुढचं सगळं इंग्रजीत! जाहिरात मराठी, नाटक मराठी, पैसे घेण्याचं पान मराठी, आणि सोडायचं म्हटलं की इंग्रजी. मी बारावी शिकलेय, शब्द लावत लावत वाचते. पहिल्या पानावर कारण विचारलं. दुसऱ्यावर सवलत दिली, शेजारी घड्याळ उलटं पळत होतं, पाच मिनिटांत सवलत संपणार म्हणून. तिसऱ्यावर लिहिलं होतं, तुमच्या घरच्यांचा आनंद तुम्ही हिरावून घेताय, खात्री आहे ना? हे मी मुलाकडून वाचून घेतलं, कारण मला वाटलं माझीच वाचण्यात चूक होतेय. आबा शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत. चौथ्यावर दोन बटणं, एक मोठं लाल, एक पांढऱ्यावर पांढरं. मी लाल दाबलं. बंद करायचं म्हणजे लालच असणार, असं कुणालाही वाटेल. पुढे कळलं की लाल बटण 'तूर्त थांबवा, पुन्हा सुरू करू' असं होतं. बंद करायचं ते पांढरं.

१२ फेब्रुवारीला ४९९ गेले. मदतीच्या खिडकीत लिहिलं, तर यंत्राचं उत्तर आलं. परत लिहिलं, परत तेच उत्तर. अकरा वेळा लिहिलं, वहीत तारखा आहेत. शेवटी "तुमची विनंती नोंदवली आहे" असं आलं, मी गप्प बसले. १२ मे रोजी पुन्हा ४९९. दोन्ही मिळून ९९८.

आता आपल्या खात्याबद्दल. मी वर्तमानपत्रात वाचलं आणि मग भाच्याला सांगून नियम काढून घेतले. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. फसवणुकीचे तेरा प्रकार नावानिशी दिलेत. त्यात वर्गणीचा सापळा आहे: बंद करणं लांबलचक आणि किचकट करायचं, त्याचं बटण लपवायचं, सूचना गोंधळाच्या ठेवायच्या. त्यात खोटी घाई आहे, ते उलटं पळणारं घड्याळ. ग्राहकाला ओशाळं करणंही आहे, ते माझ्या घरच्यांच्या आनंदाचं वाक्य. माझ्या घरी २८ जानेवारीच्या रात्री जे झालं ते आपल्या कागदावर आधीच ओळीने लिहिलेलं आहे. वाचून मला आधी बरं वाटलं. मग राग आला. इतकं सगळं माहीत असूनही हे चालूच कसं?

त्याच नियमात आणखी एक ओळ आहे. फुकट वर्गणीसाठी ग्राहकाकडून पैसे आपोआप कापायची परवानगी घेता येणार नाही. म्हणून हे एक रुपया घेतात. फुकट म्हटलं तर नियम लागतो, एक रुपया घेतला की सुटले. त्या एक रुपयाला दुसरा काही अर्थ मला तरी दिसत नाही. आपल्या खात्यात एवढे शिकलेले अधिकारी आहेत, त्यांना ही पळवाट दिसली नाही का? मला, ब्लाउज शिवणाऱ्या बाईला, एका दुपारी दिसली.

आणि जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने काय केलं? कंपन्यांना सांगितलं, तीन महिन्यांत तुम्ही स्वतःच तपासणी करा आणि आमच्याकडे असे प्रकार नाहीत असं जाहीर करा. स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा! माझ्या मुलाला दहावीला अशी सवलत कुणी दिली नाही. मला एका बाईचा ब्लाउज दंडात घट्ट झाला तर ती दारात उभी राहून उसवायला लावते, आणि ते बरोबरच आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या कलम २० प्रमाणे प्राधिकरणाला गैरप्रथा बंद पाडता येते, ग्राहकाचे पैसे परत द्यायला लावता येतात. अधिकार हातात असताना कंपन्यांना विनंत्या का करता?

१९१५ हा हेल्पलाइनचा नंबर आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही, हे सगळं मला माहीत आहे. पण हेल्पलाइन समजूत घालू शकते, हुकूम देऊ शकत नाही. आणि ९९८ रुपयांसाठी आयोगात तारखा करायच्या तर माझे ब्लाउज कोण शिवणार? चोरी एवढी लहान ठेवायची की तक्रार करणं चोरीपेक्षा महाग पडेल, सगळा धंदा यावर उभा आहे. आमच्या गल्लीत मी नऊ घरी विचारलं. सहा घरांतून असेच पैसे गेलेत, कुणाचे १९९, कुणाचे ३९९. कुणीही तक्रार केलेली नाही. एक कोटी घरांतून ४९९ गेले तर ४९९ कोटी होतात. आणि त्यात सरकारचा वाटा आहे. अठरा टक्के जीएसटी धरला तर माझ्या प्रत्येक ४९९ मधले ७६ रुपये सरकारकडे गेले. नको असताना कापलेल्या पैशांवरही कर घेतला आपण.

पूर्वी केबलवाला दर महिन्याला लुनावरून दारात यायचा. पावती फाडायचा. "या महिन्यात बंद ठेव रे, पोराच्या परीक्षा आहेत" म्हटलं की बंद. पुढे २०१९ मध्ये ट्राय या सरकारी नियामकाने चॅनेलचे दर एकेक करून जाहीर करायला लावले. त्यातही घोळ झाले, पण किंमत समोर दिसायची. आता ॲपवर काय दाखवलं ते माहिती व प्रसारण खात्याकडे, पैसे कसे कापले ते रिझर्व्ह बँकेकडे, ग्राहक म्हणून रडायचं ते आपल्याकडे. पंधरा हजारांपर्यंत दरवेळी ओटीपी न मागता आपोआप पैसे कापायची मुभा जून २०२२ पासून आहे. आधी ती पाच हजार होती. माझी महिन्याची कमाई नऊ ते अकरा हजार. माझ्या अख्ख्या महिन्याच्या कमाईपेक्षा मोठी रक्कम आपल्या व्यवस्थेला किरकोळ वाटते! चोवीस तास आधी मेसेज येतो, म्हणाल. येतो. इंग्रजीत येतो, कर्जाच्या आणि रमीच्या चाळीस मेसेजांमध्ये.

आणि एकदा विचार करून घेतलं तरी ते तसंच राहील याची तरी कुठे खात्री? २०२३चं आयपीएल जिओसिनेमावर फुकट होतं. २०२५ला जिओहॉटस्टारवर पैसे भरावे लागले. प्राइम व्हिडिओवर १७ जून २०२५ पासून जाहिराती आल्या, नको असतील तर वर्षाला ६९९ जास्तीचे. ज्याने वर्षाचे पैसे आधीच भरलेत, त्याचा हिशेब मध्येच दुसऱ्याने बदलायचा, हे कुठल्या व्यापारात बसतं? गहू घेतल्यावर अर्ध्या रस्त्यात दुकानदार पिशवीतला किलोभर काढून घेत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आबांनी त्या दिवशी पेढे वाटायला लावले होते, पाव किलो. त्या अभिजात भाषेत मला एक वाक्य हवं आहे: 'वर्गणी बंद करा.' ज्या भाषेत पैसे घेतले त्याच भाषेत, ज्या पानावर घेतले त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. एक रुपयाच्या ट्रायलला फुकट ट्रायलचा नियम लावा. ट्रायल संपली की पुन्हा पिन मागा, पिन नाही तर पैसे नाहीत. आणि तपासणी कंपन्यांनी नाही, आपल्या माणसांनी मोबाइल हातात घेऊन करावी.

भाच्याने पेमेंट ॲपमधल्या 'ऑटोपे'त जाऊन आपोआप पैसे कापायची परवानगी रद्द करून दिली. दोन मिनिटांचं काम होतं. ते मला कंपनीने सांगितलं नाही, बँकेनेही नाही. आता १२ ऑगस्टला माझे पैसे कट होणार नाहीत. आबांनी त्या दिवसापासून नाटकाचं नाव काढलेलं नाही. परवा टीव्ही लावू का विचारलं, तर म्हणाले, "नको गं, पैसे जातील." सह्याद्री वाहिनीला पैसे पडत नाहीत हे मी तीनदा सांगितलं. तरी नको म्हणाले.

माझे ९९८ रुपये मला परत हवेत. अकरा तारखा आणि दोन्ही वेळचे मेसेज वहीत लावून ठेवलेत. आपला अधिकारी मागेल तेव्हा दाखवेन.

आपली,
शिलाईकाम करणारी एक ग्राहक,
सांगली