पुण्याला येण्याबद्दल

टिळकवाडी, बेळगाव

चि. संजूस,
अनेक आशीर्वाद.

तू परवा विचारलंस, 'आई, अडुसष्टाव्या वर्षी ऑटिझम आहे हे कळून आता उपयोग काय?' आणि कायमची पुण्याला ये, असंही म्हणालास. फोनवर मला उत्तर सुचत नाही, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून लिहिते.

ऑटिझम म्हणजे मेंदूची जन्मापासूनचीच वेगळी घडण. ती रक्त तपासून किंवा स्कॅन काढून कळत नाही. लहानपण विचारावं लागतं, आणि माझं लहानपण पाहिलेली आता एक निपाणीची अक्काच उरली आहे. तिला घेऊन धारवाडला गेले. डॉक्टर कानडीत विचारत होते, अक्का मराठीत सांगत होती, दोघांचं कुठे अडलं नाही. अक्का म्हणाली, 'तंबाखूचा हंगाम आला की ही वखारीच्या बोळातून जायचीच नाही, शाळेला लांबून वळसा घालायची. नवा परकर नेसवला की रडून घर डोक्यावर. धुऊन धुऊन मऊ झालेलाच पाहिजे. लग्नात वाजंत्री आली की ही धान्याच्या खोलीत. आणि पोरींत खेळायला पाठवली की बाजूला उभी राहून त्या कशा बोलतात ते बघायची, घरी येऊन आरशापुढे तसंच बोलायची.' हे शेवटचं डॉक्टरांनी पुन्हा विचारून घेतलं. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुली अशी नक्कल करून निभावून नेतात, म्हणून त्या वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाहीत, असं ते म्हणाले.

आरसा सुटला, पण नक्कल मी निवृत्त होईपर्यंत केली. वर्गात शिकवताना मला कधीच जड गेलं नाही. तास ठरलेला, धडा ठरलेला, आणि विषय गणित. जड जायची ती मधली सुट्टी. कुणाची साडी नवी दिसली की काय विचारायचं, कुणी गाऱ्हाणं सांगितलं की किती वेळ मान हलवायची, हे मी पाठ करून ठेवलेलं होतं. घरी येऊन अंधार करून पडायचे. आईचं डोकं दुखतंय, असं तुम्ही पोरं एकमेकांना सांगायचात. शाळेचं वेळापत्रक सुटलं, पाठोपाठ तुझे बाबा गेले. लग्नकार्यात माझ्या वाटणीचं बोलणं तेच बोलायचे. दुःख होतंच, पण मी जी पार गळून गेले ती नुसत्या दुःखाने नव्हे, आणि नैराश्याच्या गोळ्यांनी ते भरून निघालं नाही ते हे दोन्ही आधार सुटल्यामुळे.

माणूसघाणी, आखडू, हे मी इतकं ऐकलं होतं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आता वाटत नाही. संजू, मला झालेला उपयोग हा आहे, आणि तो माझ्यासाठी फार मोठा आहे.

कुणाला दोष देऊ नकोस. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ साली अमेरिकेत पहिल्यांदा अशा अकरा मुलांबद्दल लिहिलं, त्यात मुली तीनच. निपाणीच्या शाळेत माझ्या बाईंना हे कुठून कळणार? आपल्याकडे अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात ऑटिझम नव्हताच. २०१६ च्या कायद्यात आला, तेव्हा माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं.

त्या अकरांतला पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. तो बँकेत नोकरीला होता, गाडी चालवायचा, गोल्फ खेळायचा, आणि आईवडील गेल्यावरही त्यांच्याच घरात राहिला. २०२३ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी गेला. गावाला त्याच्या सवयी माहीत होत्या. हे वाचल्यापासून मी त्याचा फार विचार करते.

म्हणून मी पुण्याला कायमची येणार नाही. तुझ्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये रोज नवा माणूस भेटतो आणि प्रत्येकाला काहीतरी बोलावं लागतं. इथे कडोलीची भाजीवाली मला बघितलं की न विचारता अर्धा किलो रताळी तोलते, सुटे पैसे हातावर ठेवते, आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळते. तिला माझं मौन खुपत नाही. दुसऱ्या गेटपाशी रेल्वेसाठी फाटक पडलं तर किती थांबावं लागतं हेही मला ठाऊक आहे. हट्ट म्हणून हे सांगत नाही. म्हातारपणी माझी ताकद कमी होणार, आणि उरलेली मला नक्कल करण्यात घालवायची नाही.

आता तुझ्याकडून काय हवं ते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तू येशील तेव्हा डॉक्टरांना आधीच सांग, की हात लावण्यापूर्वी काय करणार ते बोला. फार गोंगाट, फार माणसं झाली की माझी वाचा बसते. त्या वेळी ही विसरभोळी झाली, हिला भ्रम झाला, असं कुणी लिहून घेऊ नये. शांत खोलीत थोडा वेळ बसू दिलं की मी सगळं नीट सांगते. खरंच विसरायला लागले तर तो वेगळा आजार, त्याची तपासणी वेगळी कर. कानाचं यंत्र मी पुन्हा लावून बघेन, पण कुकरची शिट्टी आणि पंखा त्यात एकदम अंगावर येतात, तेव्हा आवाज हळूहळू वाढवून देणारा माणूस शोध. सूनबाईला सांग, तिच्या माहेरच्या लग्नाला मी सकाळी लवकर येऊन मुलीला आशीर्वाद देईन आणि बँड यायच्या आत निघेन. रुसून गेले असं कुणी समजू नये.

आणखी एक. हे घराण्यात उतरतं, असं डॉक्टर म्हणाले. तुझ्या शाळेच्या शर्टांची मानेजवळची लेबलं मी उसवून काढायचे, कारण तू दिवसभर खाजवायचास. तुला तपासून घ्यायचं का नाही, हे तू ठरव. मी विचारणार नाही. पण विचारायचं झालंच तर लहानपणाची माहिती द्यायला मी आहे, तोवर विचार.

दसऱ्याला येणार असशील तर कोणत्या गाडीने, ते आठवडाभर आधी लिहून कळव. फोन नको.

तुझी,
आई