इब्न लहीआ यांना एका शब्दात निकालात काढू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतील हदीस (प्रेषित मुहम्मद यांची वचने व कृती यांच्या नोंदी) परंपरेवरील लेखात इजिप्तचे काजी अब्दुल्लाह इब्न लहीआ (मृत्यू हिजरी १७४, इ.स. ७९०) यांना 'जईफ रावी', म्हणजे हदीस सांगणारा कमकुवत कथनकार, म्हणून एका वाक्यात बाजूला सारले आहे. हदीस-संग्राहक तिरमिजी यांनी त्यांच्या स्मरणशक्तीवर बोट ठेवले आहे, हे खरे. परंतु प्रख्यात हदीस-विद्वान अहमद इब्न हंबल यांनी याच माणसाच्या व्यासंगाची वाखाणणी केली होती, याचा लेखात उल्लेखही नाही.

हिजरी १७० च्या सुमारास त्यांची पुस्तके आगीत जळाली आणि त्यानंतर त्यांच्या कथनात गोंधळ होऊ लागला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. मात्र पुस्तके जळालीच नाहीत, असे म्हणणारेही इजिप्तमध्येच होते. माझ्या मते आगीपेक्षा हदीस-विद्वान याह्या इब्न हस्सान यांनी सांगितलेला प्रसंग अधिक बोलका आहे. इब्न लहीआ यांच्याकडून ऐकल्याचे सांगत काही लोक एक वही घेऊन आले. याह्यांनी ती चाळली, तर तिच्यात इब्न लहीआ यांची एकही हदीस नव्हती. याह्यांनी थेट इब्न लहीआ यांनाच जाऊन विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की लोक पुस्तक आणून 'ही तुमचीच हदीस' म्हणतात आणि मी ती त्यांना सांगतो, मी तरी काय करू! यात लबाडी दिसत नाही. दिसते ती सैल पडलेली पकड, आणि मुहद्दिसाच्या (हदीस-विद्वानाच्या) बाबतीत तीही काही लहान उणीव नव्हे.

म्हणूनच जाणकारांनी त्यांच्याकडून कोणी ऐकले, हे पाहिले. अब्दुल्लाह इब्न मुबारक आणि अब्दुल्लाह इब्न वहब यांनी त्यांच्याकडून केलेले कथन इतरांपेक्षा अधिक भरवशाचे आहे, असा निर्वाळा नंतरच्या काळातील हदीस-समीक्षक इब्न हजर यांनी दिला आणि खुद्द इब्न लहीआ यांना 'सदूक', म्हणजे सचोटीचे, म्हटले.

अर्थात एवढ्याने प्रश्न मिटत नाही. त्यांच्याकडून आधीच्या काळात ऐकलेल्या जुन्या शिष्यांच्या कथनातही कमकुवत रावींची नावे मधून गाळलेली आढळतात, असा आक्षेप हदीस-समीक्षक इब्न हिब्बान यांनी घेतला होता आणि तो मला गंभीर वाटतो. 'सहीह मुस्लिम' या हदीस-संग्रहाचे कर्ते इमाम मुस्लिम यांनी आपल्या संग्रहात इब्न लहीआ यांना घेतले, तेही अम्र इब्न अल-हारिस यांच्यासारख्या खात्रीच्या रावीच्या जोडीने. एकट्याच्या भरवशावर नाही.

आपला,
एक नियमित वाचक