विकिपीडियावरचे दायमाबाद

महोदय,
महाविद्यालयांतून मराठी विकिपीडियाच्या कार्यशाळा भरतात, हे चांगलेच. पण पुरातत्त्वाच्या नोंदी पर्यटनाच्या संकेतस्थळांवरून भरल्या, तर चुकाच पक्क्या होतात.

प्रवरा नदीकाठचे दायमाबाद हे प्राचीन वसाहतीचे स्थळ घ्या. १९७४ मध्ये तिथे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार धातुशिल्पे मिळाली. ती शास्त्रीय उत्खननात नव्हे, तर झाडाची मुळे खणताना सापडली. म्हणजे ती जमिनीच्या नेमक्या कोणत्या थरातली, आणि म्हणून कोणत्या काळातली, याचा पुरावा नाही. कोणी ती उत्तर हडप्पा (सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या) काळातली मानतात, तर कोणी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून या काळाबद्दल शंका घेतात. नोंदीत मात्र सरसकट 'हडप्पाकालीन' लिहून मोकळे! दोन्ही मते, कोणाचे कोणते ते सांगून, लिहायला हवीत.

विद्यार्थ्यांनी आधी पुरातत्त्व सर्वेक्षणाचा वार्षिक आढावा पाहावा, पण तिथेच थांबू नये. तो प्राथमिक असतो. अंतिम अहवालात कालखंड बदलू शकतात. कार्बन-१४ च्या (अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेल्या) तारखा सुधारित, म्हणजे प्रत्यक्ष वर्षांशी जुळवून घेतलेल्या आहेत की मूळ, हेही नमूद करावे. दोन्हींत शेकडो वर्षांचा फरक पडू शकतो. मजकूर आधी धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर), स्वतःच्या शब्दांत लिहावा. अहवालातला उतारा जसाच्या तसा टाकला, तर प्रताधिकारभंग म्हणून उडवला जातो. आणि संदर्भात पृष्ठक्रमांक हवाच. पाचशे पानी ग्रंथाचे नुसते नाव कोण पडताळणार?

— पुरातत्त्वाचे काही अध्यापक, पुणे