पुराच्या छायाचित्रांखाली पेठ आणि बोळ लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पानशेत धरण फुटून 1961 साली पुण्यात आलेल्या पुराची जुनी छायाचित्रं आपण यंदाही 12 जुलैच्या अंकात छापलीत. त्यातल्या एकाखाली ‘पुरात कोसळलेला वाडा’ एवढंच लिहिलं होतं. तो आमचा वाडा आहे. शनिवार पेठ, ओंकारेश्वराजवळचा बोळ.

माझा जन्म पुरानंतरचा, गोखलेनगरातला. त्यामुळे वाडा मी कधी पाहिलेला नाही. ओळखला तो माझ्या आत्यांनी. 1961 साली त्या 14 वर्षांच्या होत्या. भिंती पडल्या होत्या, तरी दगडी जोतं आणि दिंडी दरवाजाची चौकट उभी होती. दरवाजाच्या दोन देवळ्यांपैकी, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यांपैकी, एक बुजवलेली, कारण तिथून नळाचा पाइप आत नेला होता. आत्यांना ही खूण लगेच पटली, पण देवळी चुकीच्या बाजूला होती. बरोबर उजवीकडे हवं ते ओंकारेश्वराचं शिखर कडेला डावीकडे दिसत होतं. आम्ही म्हटलं, असाच दुसरा कुठला वाडा असेल. आत्या मात्र भिंग घेऊन बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “बायकांचे पदर बघ. सगळ्यांचे उजव्या खांद्यावर! आपल्याकडे असा पदर कोण घेतं?” छायाचित्र उलटं छापलं गेलं होतं. आरशासमोर धरलं, तेव्हा देऊळ, देवळी, पदर सगळं जागच्या जागी आलं.

आपल्या संदर्भ विभागाने मूळ प्रत दाखवली, त्याबद्दल मनापासून आभार. अंकात कापला गेलेला भाग त्या प्रतीत आहे आणि त्यात बोळाचं वळण दिसतं. नगर भूमापनाच्या नकाशावर ते वळण तसंच्या तसं सापडलं, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली.

या छायाचित्राचं आम्हाला एवढं का वाटतं, तेही सांगते. आम्ही त्या वाड्यात भाडेकरू होतो. आजोबांच्या वडिलांपासून तीन पिढ्या दोन खोल्यांत राहिल्या, पण मालमत्ता पत्रकावर नाव मालकाचं. भाड्याच्या पावत्या, रेशनकार्ड, लग्नाचे फोटो, सगळं पुराने नेलं. दगडी जोत्यावर लाकडी सांगाडा आणि मातीत बांधलेल्या विटा अशी बांधणी होती. पानशेतपाठोपाठ खडकवासला धरणही फुटलं, पाणी चढलं आणि त्या भिंती विरघळल्या. नदीकाठच्या पेठांतली अशी कितीतरी भाडेकरू कुटुंबं पुढे गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा वसाहतींत गेली. आपलं घर होतं हे दाखवायला त्यांच्याकडे काहीही नाही. ते कुठे सापडलंच तर तुमच्या छायाचित्रांत सापडेल.

म्हणून विनंती आहे. छायाचित्र छापताना त्याच्या कडा कापू नका. ओळखीच्या खुणा पुष्कळदा कडेलाच असतात: कळस, दुकानाची अर्धी पाटी, पुलाची कमान. निगेटिव्ह सुलटी आहे ना, हे पाटीवरच्या अक्षरांवरून पाहा. पाटी नसेल तर पदरावरून. आणि पूरग्रस्तांची जी छायाचित्रं अजून ओळखलेली नाहीत, त्यांना वर्षातून एकदा नव्हे, दर आठवड्याला थोडी जागा द्या. पेठ, बोळ आणि माहीत असतील तर बिऱ्हाडांची नावं वाचकच कळवतील. त्या माहितीसह एकेक प्रत भारत इतिहास संशोधक मंडळात ठेवता आली तर फार बरं होईल.

वाचकांनाही सांगावंसं वाटतं. घरातल्या फोटोंच्या मागे आजच पेन्सिलीने लिहून ठेवा, कुठला वाडा, कुठली बाजू. सालाचा अंदाजही बांधता येतो. नवा पूल, म्हणजे शिवाजी पूल, 1923 साली झाला, तेव्हा तो चित्रात दिसला की फोटो त्यानंतरचा.

पुराच्या वेळी ज्यांचं वय कळतं होतं, ती माणसं आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. आत्यांना आमच्या बोळातली घरं अजून ओळीने सांगता येतात, कुठल्या मजल्यावर कुणाचं बिऱ्हाड, यासकट. आपला प्रतिनिधी छायाचित्रं घेऊन आला, तर त्या आनंदाने बसतील. दुपारी चारनंतर त्या घरीच असतात. पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे.

कळावे,
एक वाचक, गोखलेनगर, पुणे