बँकेत परत जायच्या आधी हे वाच

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एवढा वैतागलेला होतास की माझं अर्धं बोलणं तू ऐकलंच नाहीस, म्हणून सगळं लिहून पाठवतेय, आधी पूर्ण वाच आणि मग "हो गं कळलं" म्हण. बँकेत तुला सांगितलं पुण्याचा पत्ता पाहिजे, रेंट अ‍ॅग्रीमेंट आण, आणि तुझा रूममालक म्हणतो तसलं काही मी करून देत नाही, राहायचं तर राहा. पहिलं खातं काढायला गेलेल्या पोराला काउंटरवरून असं परत पाठवलं की त्याला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. तसं काही नसतं रे. मी पतसंस्थेत काउंटरवर बसते, रोज बघते, लोकांकडे कागद सगळे असतात पण कुठला कागद कशासाठी हे त्यांना कुणी धड सांगत नाही.

बँकेला दोनच गोष्टी हव्या असतात, तू तूच आहेस का, आणि राहतोस कुठे. रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे, म्हणजे ग्राहकाची ओळख आणि पत्ता पटवून घ्यायचे नियम आहेत, त्यात कागदांची यादी ठरलेली आहे. पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन, मतदान कार्ड, आधार, रोहयोचं जॉब कार्ड आणि लोकसंख्या नोंदणीचं ते पत्र जे मी अजून कुणाकडे बघितलं नाही. यातलं एक पुरतं. रेशनकार्ड त्यात नाही, तुझं कॉलेजचं आयकार्ड नाही, डोमिसाइल पण नाही. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणतात आणि नाही म्हटलं की चिडतात, त्यांचं तरी काय चुकतं, आयुष्यभर सगळीकडे तेच दाखवलेलं. पॅन वेगळं लागतं, पण पॅनवर पत्ताच नसतो म्हणून नुसत्या पॅनवर भागत नाही. आणि आधारच द्या अशी सक्ती खात्यासाठी बँक करू शकत नाही, सप्टेंबर 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय, पण तुझ्याकडे पासपोर्ट नाही लायसन नाही आणि स्कॉलरशिप घ्यायचीय, तेव्हा आपण आधारच देऊ, उगाच तत्त्वासाठी भांडत बसायला वेळ कुणाला आहे.

आता पत्त्याचं. आधारवर आपल्या गावचा पत्ता आहे, तो असू दे, बदलत बसू नकोस. बँकेत आधारने ई-केवायसी कर, म्हणजे त्या छोट्या मशीनवर अंगठा ठेवून, आणि सध्या राहतोस तो पत्ता आधारवरच्यापेक्षा वेगळा असेल तर तो स्वतः लिहून सही करून द्यायचा, सेल्फ डिक्लेरेशन. रिझर्व्ह बँकेच्या नियमातच हे आहे, भाडेकराराची गरज नाही. काउंटरवरचे जे कोण असतील त्यांना सरळ म्हण, मॅडम आधार ई-केवायसी करतो आणि पुण्याच्या पत्त्याचं डिक्लेरेशन देतो. आवाज चढवू नकोस, बाबांसारखं "मला नियम शिकवू नका" तर अजिबात नको. तरी नाही म्हणाले तर मॅनेजरकडे जा आणि कुठल्या नियमाने नाही ते लिहून द्याल का असं शांतपणे विचार, लिहून द्या म्हटलं की निम्म्या अडचणी तिथेच सुटतात हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतेय. आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नकोस, पेन्शनवाल्यांची रांग असते, तुझ्याकडे बघायला कुणाला सवड नसेल. दुसऱ्या चौथ्या शनिवारी बँक बंद असते ते पण लक्षात ठेव.

खरी भीती मला नावाची आहे. तुझ्या आधारवर बाबांच्या नावाला "राव" लागलंय, दहावीच्या मार्कशीटवर नाहीये, आणि मार्कशीटवर आडनाव आधी आहे. पॅन आपण आधारवरून ऑनलाइन ई-पॅन काढलं (फुकट असतं ते, तरी त्या कॅफेवाल्याने तुझ्या मित्राकडून पैसे उकळलेच) म्हणून पॅनवर पण राव आलंय, त्यामुळे खातं राव लावूनच उघड, आधारवर जसं आहे तसं, अक्षर न अक्षर. फॉर्मवर पहिलं नाव मधलं नाव आडनाव अशा वेगळ्या चौकटी असतात, शाळेच्या सवयीने पहिल्या चौकटीत आडनाव टाकशील तर पासबुकवर उलटं छापून येईल आणि मग स्कॉलरशिपच्या वेळी बस रडत. समोरचा माणूस टाइप करत असताना स्क्रीनवर बघ, नाहीतर उठायच्या आधी एकदा वाचून दाखवा म्हण. पॅन नंबरातलं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं, तुझं बघ, जुळतंय. आता तर 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव पण घालायचं असं महाराष्ट्र सरकारने ठरवलंय, मला आनंदच आहे, फक्त फॉर्मवरच्या चौकटी वाढवा म्हणावं.

तुझा रूममेट म्हणतो ना अ‍ॅपवर पाच मिनिटात खातं उघडतं, उघडतं खरं, पण नुसत्या ओटीपीवर उघडलेल्या खात्यात एका वेळी एक लाखाच्या वर ठेवता येत नाही, वर्षभरात दोन लाखाच्या वर जमा होत नाही, आणि वर्षाच्या आत पूर्ण केवायसी नाही केली तर खातं बंद. व्हिडिओ कॉलवर बँकेचा माणूस पॅन बघून करतो ती केवायसी वेगळी, ती पूर्ण केवायसी धरतात. शिवाय तुझ्या आधारला नंबर अजून बाबांचा जोडलेला आहे, ओटीपी येणार बाबांना, आणि बाबा शेतात, फोन घरात चार्जिंगला. तेव्हा आधी आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घे आणि बँकेला पण तोच दे.

झेरॉक्सवाल्याकडे ओरिजिनल काचेवर विसरू नकोस. कॉपीवर सही कर आणि आडवं लिही, फक्त खातं उघडण्यासाठी, बँकेचं नाव, तारीख. प्रिंट काढायला आधारची फाइल त्या दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोस ते बंद कर, पाठवलीच तर त्याच्यासमोर डिलीट करून घे. बँक सोडून दुसरीकडे कुठे आधार मागितलं तर मास्क केलेलं द्यायचं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर मिळतं.

खातं उघडलं म्हणजे स्कॉलरशिप येईल असं समजू नकोस. आधारने केवायसी होणं वेगळं आणि आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे यायला खातं आधारला जोडणं, वेगळं. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलवरचे पैसे आधारला जे खातं सीड असतं तिथे जातात, त्याचा फॉर्म वेगळा असतो, तो त्याच दिवशी मागून भर, आणि नंतर झालं का ते विचार. दर वर्षी कितीतरी पोरं इथेच अडकतात, बँक म्हणते आधार लिंक आहे, कॉलेज म्हणतं नाहीये, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आणि एक गोष्ट मी दोनदा सांगणार. कॉलेजच्या आवारात कुणीतरी भेटेल, गोड बोलेल, तुझं खातं वापरायला दे, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला पैसे देतो. द्यायचं नाही. मित्र असला तरी नाही, त्याची आई आजारी असली तरी नाही. फसवणुकीचे पैसे असल्या खात्यांतून फिरवतात आणि पोलीस येतात तेव्हा खात्यावर फोटो तुझा, अंगठा तुझा, पत्ता आपल्या घराचा. एवढे कागद देऊन आपण बँकेला जे सांगतो ना की हा मीच, ते तेव्हा पण खरंच असतं. द्यायचं नाही.

सही कुठली करणार ते आधी ठरव, तू कधी मराठीत करतोस कधी इंग्रजीत. पॅनवर आपल्या ई-पॅनमुळे आधारचाच फोटो आलाय, सहीची अडचण नाही, पण बँकेत जी करशील ती कायम, म्हणून ती हवेत उडवल्यासारखी नको, दर वेळी तशीच जमेल अशी कर. नॉमिनीची चौकट रिकामी सोडू नकोस, माझं नाव टाक, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पासपोर्ट साइज फोटो कपाटातल्या फाइलीत होते ते मी तुझ्या बॅगेच्या आतल्या चेनच्या कप्प्यात ठेवलेत, मिशी येण्याआधीचे आहेत, नाही चालले तर नवीन काढ.

बाबांनी पाच हजार बाजूला ठेवलेत, खातं झालं की पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव, आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, नीट दिसला पाहिजे, मागच्या वेळी मेसच्या बिलाचा पाठवला होतास तसा हललेला नको.

तुझी,
आई