खरकटी बाजू

मुंबई, १७ ऑगस्ट २०२०

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

यंदा गणपतीला येणं जमत नाही. शनिवारी चतुर्थी आणि माझी कोविड वॉर्डाची पाळी गुरुवारी संपणार, पुढे विलगीकरण. आरतीला व्हिडिओ कॉल लावा.

आई, दर फोनला तू विचारतेस, "किट नीट घालतेस ना?" घालण्यात काही नाही गं, खरी भीती काढताना. सहा तास पेशंटांत वावरल्यावर गाऊनची बाहेरची बाजू तुझ्या भाषेत सगळी खरकटी. नेमकं तेव्हाच अंग घामाने निथळत असतं, घसा कोरडा पडलेला असतो, मास्कची तार रुतून नाकाला खाज सुटलेली असते. ओरबाडून काढावंसं वाटतं. पण गाऊन आतली बाजू बाहेर करत गुंडाळायचा, दर टप्प्याला हातांना सॅनिटायझर, आणि एन-९५ सगळ्यात शेवटी, वॉर्डाबाहेर येऊन, मागच्या इलॅस्टिकला धरून. समोर एक जण फक्त बघायला उभी असते. परवा माझा हात चुकून डोळ्याकडे गेला तर ती खेकसली, "सिस्टर, हात!" लोणच्याच्या बरणीला खरकटा हात लागला की तू ओरडायचीस ना, अगदी तश्शी.

आमच्या दोघी पॉझिटिव्ह आल्या, तेव्हा आमचा संशय वॉर्डापेक्षा चहाच्या खोलीवर गेला. एवढीशी खोली, खिडकी बंद, आणि मास्क उतरवून सगळ्यांचे डबे एकत्र. आता खिडकी सताड उघडी आणि दोघी-दोघींनीच जेवायचं. गप्पा गेल्या, त्याचं वाईट वाटतं.

राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. लादी पुसणाऱ्या, बेडपॅन काढणाऱ्या मावशींना सुरुवातीला साधा मास्क. हवा तीच, पेशंट तेच, मग हे का? आम्ही सिस्टरनी लेखी दिलं, तरी एन-९५ हातात पडायला दोन आठवडे गेले. २२ मार्चला तुम्ही थाळी वाजवलीत, तेव्हा आमची मावशी तोंडाला पदर लावून काम करत होती.

बाबा, तुमचा तो झडपेचा मास्क दुकानात बसताना घालू नका. आत येणारी हवा गाळली जाते, पण तुमचा श्वास झडपेतून तसाच गिऱ्हाइकाच्या तोंडावर. गेल्या महिन्यात केंद्राच्या आरोग्य खात्यानेही राज्यांना तसं कळवलंय. आईने शिवलेला तीन पदरी सुती चालेल, रोज धुवून.

तुमची,
चिऊ

ता. क. मोदकांचे फोटो पाठवू नका. माझ्या वाटणीचे आत्याकडे द्या.