आलेख आता आपोआप पुढे सरकतो, ताई!

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव कुठं लिहू नका असं तुम्ही बजावून सांगितलंत, म्हणून नुसतं ‘ताई’. माझा एक्सेलमधला अडलेला आलेख तुम्ही मार्गी लावलात, त्याचे आभार मात्र चारचौघांत मानतोय, कारण हे दुखणं माझ्यासारख्या बऱ्याच दूध संस्थांच्या सचिवांचं असणार.

सकाळ-संध्याकाळचं संकलन, गाईचे लिटर, म्हशीचे लिटर, सरासरी फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग), सगळं एक्सेलमध्ये चढतं. भरणा रोजचा, आलेख मात्र जिथवर आखला तिथवरच. मे महिन्याच्या नोंदी खाली वाढत गेल्या तरी रेघ एप्रिलअखेरीला थबकलेली. मग मासिक सभा आली की माऊसनं ती निळी चौकट खाली ओढायची. लिटरचा आलेख झाला की फॅटचा.

तुम्ही आल्या आल्या काही दुरुस्त केलं नाहीत, हे मला फार आवडलं. आधी रेघेवर क्लिक करून वरच्या पट्टीतलं सूत्र वाचायला लावलंत. बी२ ते बी६१ असा ठोकून दिलेला पत्ता! ‘त्याला एवढंच शेत माहीत आहे, तो बांध ओलांडणार कसा?’ म्हणालात. मग दोन्ही आलेखांच्या चौकटी शेवटच्या नोंदीपर्यंत एकदाच ओढून घेतल्यात, नोंदींमध्ये कर्सर ठेवून कंट्रोल-टी दाबलंत, पहिली ओळ शीर्षकांची आहे या खुणेची खात्री केलीत. झालं टेबल. संध्याकाळचं दूध मोजून झाल्यावर लगेच खालच्या ओळीत तारीख टाकली, तर टेबलानं ती ओळ पोटात घेतली; लिटर नि फॅट भरताच दोन्ही रेघा पुढे सरकल्या. किलो-फॅटचं (दुधातली एकूण फॅट किलोत) सूत्रही आपलं आपण खाली उतरलं.

त्याहून मोलाच्या ठरल्या तुमच्या ताकिदी. मध्ये एक ओळ कोरी सोडून भरलं तर टेबल वाढत नाही. तळाला बेरजेची ओळ लावली असेल तर तिच्या वरच्या ओळीतल्या शेवटच्या घरात टॅब दाबायचा, नवी ओळ मिळते. आणि शीटला पासवर्डचं कुलूप घातलं की टेबलाची वाढ खुंटते. आमच्या चेअरमनसाहेबांना कुलपांची भारी हौस. त्यांना हे पटवताना माझा अर्धा चहा गार झाला. शेवटी कुलूप दरपत्रकाच्या शीटला लागलं, नोंदींची शीट मोकळी राहिली.

सभेच्या आलेखात वर्षभराची दाटी नको, शेवटच्या ६० वेळांच्या संकलनाच्या नोंदीच हव्यात, तेवढ्यापुरतं तुम्ही ऑफसेट (घरांचा पट्टा सरकवणारं) आणि काउंटए (भरलेली घरं मोजणारं) ही एक्सेलची सूत्रं वापरून त्या सरकत्या पट्ट्याला एक नाव दिलंत. आलेखाच्या मालिकेत, म्हणजे रेघेच्या सूत्रात, ते नाव घालताना आधी फाइलचं नाव लागतं, ही मेख मला जन्मात सापडली नसती. सूत्रामुळे रिकामं दिसणारं घरही काउंटए मोजतो, म्हणून मोजणी तारखेच्या रकान्यावर ठेवलीत. तारीख हातानंच भरली जाते. सगळीकडे हीच युक्ती लावून भाव खाता आला असता तुम्हाला. पण उद्या माझ्या जागी दुसरा कोणी बसला तर त्याला ऑफसेट कोण समजावणार? टेबल कुणालाही उमगतं. माझ्या मते खरी हुशारी तीच.

याचा उपयोग काय, तेही कळवतो. पावसानंतर जनावरं कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर गेली की फॅट उतरते. मग ‘मशीनच खोटं’ म्हणून ओरड सुरू, कारण गाईच्या दुधाला ३.५ फॅटच्या खाली दर पॉइंटमागे (म्हणजे ०.१ फॅटमागे) पैसे कापले जातात. यंदा सभासद बोलायला लागले तेव्हा आलेख पडद्यावरच होता, त्या दिवशीच्या सकाळपर्यंतचा. सगळ्या गावाची रेघ एकदमच उतरताना दिसली आणि बोलणं मशीनवरून कडब्यावर आलं.

आता एक मागणं. चेअरमनसाहेबांना हेच मोबाइलवर गुगल शीट्समध्ये हवंय. आलेखाला अख्खा रकाना दिला की तिथं नवीन नोंदी आपोआप येतात, इथवर मी पोचलोय. गाय-म्हैस वेगळं दाखवायचं अडलंय. दिवाळीत माहेरी याल तेव्हा डेअरीवर चक्कर मारा. खरवस मिळाला तर ठेवतो.

आपला,
दूध संस्थेचा सचिव